कोऱ्या वहिनींचं हिवाळ्याचं अत्तर

"सगळ्या गल्लीला वास वाटत सुटता आणि स्वतःच्या बायकोला धुतलेल्या ताटासारखी लग्नाला नेता."

हे मी भिंतीपलीकडून ऐकलं. आमच्या दोन घरांमधली भिंत म्हणजे नावाची भिंत. लाकडाच्या फळ्या, त्यावर चिकटवलेला कागद. पलीकडे कुणी कूस बदलली तरी इकडे कळायचं. मी शिवणाच्या मशीनवर बसले होते, कुणाच्या तरी कोटाच्या बाह्या आखूड करत. कान मुद्दाम लावला नव्हता. मशीन मात्र मुद्दाम थांबवली.

"धुतलेल्या ताटासारखी म्हणजे स्वच्छ," अत्तरवाले म्हणाले. "वाईट काय त्यात?"

"माझ्या भावाचं लग्न आहे. सगळ्या बायका जमणार तिथे. म्हणणार, काय गं, तुला अत्तरवाल्याला दिली ना, मग अंगाला काहीच कसं नाही? मागच्या खेपेला काकू माझी मान हुंगून गेली. गाय वासराला हुंगते तशी."

"काकूंना सांग, नवऱ्याचं पोट नाकावर चालतं."

"मग त्या नाकालाच वाढायला सांगा रोज. मला कशाला बोलावता भाकरी टाकायला?"

कपाटाचं दार आपटलं. मग वहिनींचा आवाज खाली आला. "एक थेंब हो. थंडीचे दिवस आहेत. शालीच्या टोकाला एक थेंब लावते. तुम्हीच सांगता ना लोकांना, लोकरीत वास राहतो म्हणून."

"राहतो, तेच तर म्हणतोय. आठवडाभर राहील. शाल घरात, घर वासात, आणि मी सकाळी दुकान उघडून लोकांना काय निवडून देऊ? तुझी शाल?"

मला वाटलं, संपलं भांडण. पुन्हा पायडलवर पाय ठेवणार, तेवढ्यात ते म्हणाले, अगदी समजूत काढल्यासारखं, "माझ्या नाकाचं काम ज्या दिवशी संपेल ना, त्या दिवशी पहिलं तुझं निवडीन. हिवाळ्याचंच निवडीन. तोवर थांब."

"आणि तोवर मीच संपले तर?"

"तू कसली संपतेस," ते म्हणाले, आणि दोघं हसली. त्या लग्नाला वहिनी कोऱ्याच गेल्या.

कोरी वहिनी हे नाव त्यांना गल्लीनं दिलं होतं. कुणी वाईट मनानं दिलं नव्हतं. दुकानाच्या अर्ध्या उघड्या दारातूनसुद्धा रस्त्यावर चंदन यायचं, गुलाब यायचा, आणि त्याच दुकानाची मालकीण जिन्यावरून उतरली की हवा जशीच्या तशी. खाली त्यांचं दुकान, वर एका जिन्याला दोन घरं, एक त्यांचं, एक आमचं. मी त्यांच्याहून मोठी, म्हणून त्या मला ताई म्हणायच्या. मी वहिनी म्हणायचे. अत्तरवाल्यांना भाऊ. रक्ताचं काही नव्हतं, फळ्यांचं होतं.

भाऊंचं म्हणणं असं, की दिवसभर ज्याला वास घ्यायचे आहेत त्याच्या घराला वास नको. नाकाला रात्रभर विसावा हवा, म्हणजे सकाळी ते कोरं होऊन दुकानात जातं. त्यांच्या वडिलांनी तसंच केलं, आजोबांनी तसंच केलं. आणि त्या सगळ्यांच्या बायकांनी काय केलं, हे कुणी विचारलं नाही. घरात वासाचा साबण नाही. कपडे नुसत्या सोड्यात धुवायचे. खिडकीत फुलाची कुंडी नाही. फोडणी नाही, तळण नाही, सगळं उकडलेलं. लेक झाली तेव्हा तिच्या अंगाला पावडरसुद्धा लावू दिली नाही. मी एकदा बाळाला माझ्या घरी आणून, मांडीवर घेऊन, चांगली गळ्यापासून पायापर्यंत पावडर फासली. वहिनी आल्या, बाळाच्या मानेत नाक खुपसून बसल्या, आणि उठून तिला पुन्हा आंघोळ घातली.

कांदा परतायला मात्र त्या माझ्याकडे यायच्या. भाऊ दुकानात उतरले की पाठोपाठ पदराखाली दोन कांदे घेऊन हजर. "ताई, गॅस मोकळा आहे का?" माझ्या तव्यावर तांबूस होईपर्यंत परतायच्या, उभ्या उभ्या पावाबरोबर खायच्या, वर चूळ भरायच्या, आणि वास जाईपर्यंत जिन्याच्या पायरीवर वाऱ्यात बसायच्या. थंडीतही. नाक लाल, कान लाल, पण चेहरा असा की जणू कुठे चोरून भेटून आल्या. मी म्हणायचे, "वहिनी, कांद्याला भेटायला येता, की मला?" त्या म्हणायच्या, "तुम्हाला. कांदा आपला सोबतीला."

आमची मैत्री ही अशी, तव्याशेजारची.

आता भाऊंच्या कामाबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पहिली थंडी पडली की त्यांच्या दुकानात गर्दी व्हायची. उन्हाळ्यात लोक वाटेल ते लावतात, घामापुढे कुठलाही वास बराच वाटतो. हिवाळ्याचं तसं नाही. भाऊ म्हणायचे, गारठ्यात वास झोपतो. लिंबू, पुदिना, कापलेलं गवत, असले हलके वास दारातच विरून जातात, आणि उरतात तेव्हा माणसाला अजून थंडी वाजवतात. हिवाळ्याला लाकूड हवं, डिंक हवा, लवंग हवी, ऊद हवा, शेकोटीजवळ बसल्यासारखं वाटेल असं काही. पण सगळ्यांना एकच नाही. आलेल्या माणसाला ते विचारायचे, कोट लोकरीचा की सुती? काम उभ्यानं की बसून? घरी शेजारी कोण झोपतं, आणि त्याला खोकला आहे का? हे शेवटचं विचारलं की नुकतंच लग्न झालेल्या मुली लाजायच्या. त्यांनी मात्र खोकल्यासाठीच विचारलेलं असायचं.

मग दोन-तीन बाटल्यांतून थेंब थेंब घेऊन मिसळायचे आणि लोकरीच्या चिंधीवर लावून द्यायचे. त्या चिंध्या माझ्याकडच्या. कोटांच्या कापलेल्या बाह्या मी त्यांना देऊन टाकायचे. चिंधी हातात दिली की म्हणायचे, "जा, कोपऱ्यापर्यंत जाऊन या." दुकानातल्या उबेत सगळंच छान वाटतं. बाहेर थंडीत, चालताना, तो वास बरोबर येतो की मागे राहतो ते बघायचं. लोक चिंधी नाकाशी धरून कोपऱ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. नवखा माणूस गल्लीत आला की त्याला वाटायचं, इथे सगळ्यांना सर्दी झालीय.

आणि एक नियम. ज्याचं अत्तर त्यानं निवडायचं नाही. आपलं आपण निवडायला गेलं की माणूस जुन्या आठवणीमागे धावतो, म्हणायचे. दुसऱ्यानं बघून निवडावं.

बाटल्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या. सगळ्या गडद काचेच्या, सगळ्या एकसारख्या. उजेडानं तेल बिघडतं म्हणून काच गडद, आणि चिठ्ठी नाही कारण जागा पाठ होती. वरच्या फळ्यांवर हिवाळा, खालच्या फळ्यांवर उन्हाळा. डोळे मिटून हात जायचा.

लेक मोठी झाली, शिकली, दूरच्या शहरात नोकरीला लागली. पहिल्यांदा घरी आली ती असा वास लावून, की ती जिन्याच्या खालच्या पायरीवर असतानाच मी वर शिंकले. भाऊंनी तिला दारातच थांबवलं. "आधी आंघोळ." ती म्हणाली, "बाबा, मी पाहुणी आहे आता." "पाहुण्यांनाही साबण देतो आम्ही," भाऊ म्हणाले. वहिनी दोघांच्या मधे उभ्या. मुलीच्या खांद्याजवळ थोड्या जास्तच वाकून उभ्या, हे मी पाहिलं.

पुढे एका हिवाळ्यात भाऊंना ताप आला. गल्लीत बऱ्याच जणांना आला होता तो. आठवडाभर पडून राहिले, बरे झाले, दाढी केली, दुकान उघडलं. दोन दिवसांनी वहिनी माझ्याकडे आल्या. हातात कांदे नव्हते.

"ताई, दूध लागलं आज. घरभर करपट वास. हे बाजूला बसून चहा पीत होते."

"मग?"

"मग काही नाही. पीत राहिले."

डॉक्टरांनी सांगितलं, नाक परत येईल किंवा येणार नाही. ते आलं नाही. ज्या माणसाला दारात आलेल्याच्या बोटांवरून कळायचं की हा सुतार आहे, हा बेकरीवाला आहे, तो आता लवंगेची बाटली नाकाशी धरून बसायचा आणि काच हुंगायचा. ते वहिनींना म्हणाले, "दुकान बंद करतो." वहिनी म्हणाल्या, "तुमचं नाक गेलंय, माझं आहे ना."

आणि खरंच होतं. इतकी वर्षं बिनवासाच्या घरात काढलेलं नाक ते. भाऊंचं नाक निदान दिवसा तरी राबायचं, यांचं तर जन्मभर विश्रांतीतच. दुकानात मागच्या बाजूला एक पडदा होता, त्यामागे स्टूल टाकून त्या बसायला लागल्या. भाऊ नेहमीसारखे प्रश्न विचारायचे, जागेच्या अंदाजानं थेंब मिसळायचे, आणि "जरा आत उजेडात बघतो" म्हणून चिंधी पडद्याआड द्यायचे. कसला उजेड, आत तर दिवाही नव्हता. बरोबर जमलं असेल तर वहिनी आतून विचारायच्या, "अहो, चहा ठेवू का?" आणि काही जास्त झालं असेल तर, "चहात साखर जास्त झालीय हो." कमी पडलं तर साखर कमी. एकदा तर गिऱ्हाईक म्हणालं, "वहिनी, मलाही टाका अर्धा कप." मग खरंच करावा लागला.

गल्लीला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. गल्लीला सगळं कळतं. पण कुणी बोललं नाही.

त्याच हिवाळ्यात एकदा फळ्यांपलीकडून मी भाऊंचा आवाज ऐकला. "माझ्या नाकाचं काम संपलं गं. तुझं निवडायचं राहिलंय."

"आता कसं लावू?" वहिनी म्हणाल्या. "मी लावलं की माझं नाक गेलं. मग दुकान कोण बघणार, तुमचे कान?" हसत बोलल्या खऱ्या, पण मग भांडी जरा जास्तच जोरात विसळली. आधी त्यांच्या नाकासाठी कोऱ्या, आता स्वतःच्या नाकासाठी कोऱ्या. मला वाटलं, भिंतीवर थाप मारावी आणि म्हणावं, लावा हो एक थेंब, आग लागो त्या दुकानाला. पण संसार त्यांचा होता. मी मशीन चालवली.

अशी बरीच वर्षं गेली. भाऊंची पाठ धरली, डोळ्यांनाही सगळं पिवळट दिसायला लागलं. मोठ्या दुकानांतून चमकत्या डब्यांतली अत्तरं मिळू लागली, तिथे कुणी खोकल्याचं विचारत नाही. जागेच्या मालकानं शेवटी ती जागा मोबाईलवाल्याला द्यायची ठरवली. आणि नेमकं त्याच दिवसांत वहिनींना श्वास पुरेना. जिना चढताना मधेच बसायच्या. दवाखान्यात ठेवलं. तिथे मी डबा घेऊन जायचे. मला म्हणाल्या, "ताई, इथे केवढे वास आहेत हो. फिनेलचा, औषधांचा, शेजारच्या बाईच्या तेलाचा. मला तर जत्रेत आल्यासारखं वाटतंय." डॉक्टरांनी लेकीला बाहेर घेऊन सांगितलं की हृदय थकलंय, फार दिवस धरू नका. लेकीनं ते मला सांगितलं. वहिनींना कुणी सांगितलं नाही, पण मी डबा उघडत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "कांदा परतून आणत जा आता. कुणाचं काही अडलेलं नाही."

दुकान रिकामं करायचं काम लेकीवर पडलं. गुणी पोर. ऑफिसातून रजा काढून आली, डोक्याला फडकं बांधलं, वरच्या फळीपासून सुरुवात केली. टोपल्या भरभरून बाटल्या वर घरी आणल्या आणि कपाटात लावल्या. कुणीही लावेल तशाच, खालचा खण आधी भरला, मग वरचा. भाऊ खुर्चीत बसून होते. त्यांनी विचारलं, "नीट लावलंस ना सगळं?" ती म्हणाली, "हो बाबा, एकही फुटली नाही." त्यांच्या विचारण्यात काय होतं ते तिला कळलं नाही, आणि तिच्या उत्तरात काय नव्हतं ते त्यांना. दुकानात जो हिवाळा वर होता, तो कपाटात खाली गेला.

वहिनी घरी आल्या. थंडी कडाक्याची पडली होती. अशाच एका दुपारी भाऊंनी माझं दार वाजवलं. स्वच्छ शर्ट घातला होता, वर बंद गळ्याचा स्वेटर. "ताई, जरा या. तुम्ही पाहिजेत."

मी गेले. वहिनी खुर्चीत शाल घेऊन बसल्या होत्या, नुकत्याच झोपेतून उठलेल्या, केस एका बाजूला चपटे. भाऊंच्या हातात एक छोटी कुपी होती.

"तू झोपली होतीस तेव्हा केलं," ते म्हणाले. "तुझ्या नाकाला विचारलं नाही. ज्याचं त्यानं निवडायचं नसतं. आणि हे मी एकट्यानं करायचं कबूल केलं होतं."

"कधी कबूल केलं होतं?" वहिनी म्हणाल्या. त्यांना पक्कं आठवत होतं, मला तोंडावर दिसलं.

"तुझ्या भावाच्या लग्नाला. तुम्हालाही आठवत असेल ताई, तुमची मशीन बंद होती त्या दिवशी."

मी खिडकीबाहेर बघितलं.

"तुझी शाल जाड लोकरीची. काम आता बसून. शेजारी झोपणाऱ्याला खोकला नाही, पाठ आहे." ते एकेक सांगत होते, गिऱ्हाइकाला सांगावं तसं. "म्हणून चंदन पायाला. त्यावर लवंग, अगदी थोडी, तुला आधीच धाप लागते. आणि मागून ऊद. लगेच येणार नाही. तू उबेत बसलीस की मग येईल." कुपीचं बूच काढलं, शालीच्या टोकाला लावलं, मग मनगटाला. एक थेंबही सांडला नाही.

मला वास आला. लिंबाच्या सालीचा, पुदिन्याचा, नुकत्या कापलेल्या ओल्या गवताचा. माझं नाक काही त्या घराण्याचं नव्हे. माझ्या नाकाला करपलेलं आणि नासलेलं एवढंच कळतं. तरी मला कळलं. अंगावर काटाच आला, थंडीचा.

वहिनींनी मनगट नाकाशी नेलं. तसंच ठेवलं. भाऊ त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांच्या त्या पिवळ्या झालेल्या डोळ्यांना किती दिसत होतं देव जाणे.

"आत्ता सांगू नकोस," ते म्हणाले. "इथे उबेत काही खरं कळायचं नाही. जा, कोपऱ्यापर्यंत जाऊन ये. ताई, हात धरा हिचा."

आम्ही उतरलो. एकेक पायरी, मधे बसत. रस्त्यावर वारं सुटलं होतं, मोबाईलवाल्याचा नवा फलक करकरत होता. कोपऱ्यावर पोचलो तेव्हा वहिनींचे ओठ निळसर पडले होते. मी म्हटलं, "वहिनी, हा तर उन्हाळ्याचा वास."

"हो. वरच्या फळीचं खाली गेलंय." थोडा श्वास घेतला. "दवाखान्यातून आले त्या दिवशीच कपाट उघडल्यावर कळलं मला. म्हटलं, दुकान आता बंद, कशाला पोरीची चूक काढायची."

"चला, सांगू त्यांना. बाटल्या आहेतच, दुसरं करतील."

"करतील. आणि ते बरोबरही निघेल." वहिनींनी शालीचं टोक हातात धरलं होतं. "पण मग त्यांना कळेल ना ताई, की त्यांनी माझ्या अंगाला पुदिना लावला. आपल्या हातानं. ते पुन्हा बाटलीला हात लावणार नाहीत."

"अहो, पण तुम्हाला हवं होतं ते..."

"मला हवं होतं की त्यांनी माझं निवडावं. निवडलं की." मग म्हणाल्या, "वास तसा ताजा आहे हो. फक्त थंडी फार वाजतेय. चला."

मला रडू यायला लागलं, तर त्यांनी माझ्या कोपराला चिमटा घेतला. "डोळे पुसा. त्यांना दिसत नाही म्हणता म्हणता नको ते दिसतं."

वर भाऊ दारात उभे होते. शाळेच्या निकालाला मुलं उभी राहतात तसे.

वहिनी खुर्चीत बसल्या. श्वास जागेवर येऊ दिला. मग मनगट नाकाशी नेलं, डोळे मिटले, आणि सांगायला लागल्या. "आधी लवंग आली. दारातून बाहेर पडेपर्यंत. कमीच घातलीत ते बरं केलंत. कोपऱ्यावर पोचलो तेव्हा ती मागे सरली आणि चंदन आलं. जुनं चंदन आहे ना हे, तुमच्या वडिलांच्या वेळचं?"

"ओळखलंस," भाऊ म्हणाले.

"न ओळखायला काय झालं? आणि येताना, जिन्यात, वारा थांबला तेव्हा, ऊद."

"जिन्यात आला का?"

"जिन्यात. हळूच. कुणी मागून येऊन खांद्यावर शाल टाकावी तसा."

इतकी वर्षं पडद्याआड बसून त्या जे करत होत्या, ते सगळं त्यांनी त्या खोट्यात ओतलं. मी बाजूला उभी होते, माझ्या नाकात लिंबू आणि गवत, आणि तरी मला क्षणभर ऊद आल्यासारखा वाटला. भाऊ खुर्चीत मागे टेकले. "मग," ते म्हणाले, "गेलंय ते नुसतं नाक. हात आहे अजून."

"हात आहे," वहिनी म्हणाल्या. "चहा ठेवू का?"

तो सगळा हिवाळा भाऊ रोज सकाळी स्वतःच्या हातानं त्यांच्या शालीला थेंब लावायचे. सगळी माणसं लोकरीत गुरफटून, नाकं लाल करून चाललीत, आणि त्यातून वहिनी हळूहळू चालल्यात, हिरव्यागार गवताचा वास घेऊन. कोऱ्या वहिनींच्या अंगाला वास आला म्हणून आधीच गल्ली चकित, त्यात असला. पाववाला म्हणाला, "वहिनी, उन्हाळा आधीच आणलात?" त्या म्हणाल्या, "हो, तुझ्या पावांना घाम सुटायच्या आत दे." औषधाच्या दुकानातल्या बाईनं तर स्पष्टच विचारलं, "हे तुम्हाला अत्तरवाल्यांनी निवडून दिलं?" वहिनी म्हणाल्या, "हो. यंदाच्या थंडीसाठी खास." त्या सुरात काहीतरी असावं. बाई दुसऱ्या दिवशी भाऊंना रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "वहिनींचं अत्तर फार छान हो, उबदार." गल्ली अशी आहे. एरवी कुणाच्या घरात कुठली भाजी शिजली यावर तासभर बोलेल.

रात्री त्या दोन रजया घ्यायच्या. त्या वासानं हुडहुडी भरते म्हणायच्या, आणि तरी शाल पांघरूनच निजायच्या. मी एकदा म्हटलं, रात्री तरी काढून ठेवा. म्हणाल्या, "ते झोपेत हात लावून बघतात, शाल आहे का."

थंडी ओसरायच्या आधीच त्या गेल्या. पहाटे, झोपेत. भाऊंनी हाक मारली, मी गेले, तेव्हा सगळं शांत होतं.

लेक आली. आईची शाल उचलून तोंडाशी धरली आणि एकदम थांबली. तिच्या बापाचंच नाक तिच्यात उतरलेलं. तिनं कपाटाकडे पाहिलं, वरच्या खणाकडे, मग खालच्या. तोंड उघडलं. मी तिचं मनगट घट्ट धरलं.

"आईला फार आवडायचं हे," मी म्हटलं. "बाबांनी निवडलं होतं. ऊद आहे ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग शालीत तोंड घालून म्हणाली, "हो. ऊद आहे." आणि मग रडली, इतकी की भाऊ तिला थोपटायला उठले. त्यांना वाटलं, आईसाठी रडतेय. आईसाठीच रडत होती, म्हणा. बाटल्या अजून तशाच आहेत, उलट्या. तिनं त्यांना हात लावलेला नाही आणि मीही नाही. भाऊ कधीकधी कपाट उघडून समोर बसतात. ज्याला ते चंदन समजतात त्या बाटलीचं बूच काढतात, पुन्हा लावतात.

मला सांगायची आहे ती वहिनी गेल्या त्याच्या आदल्या दिवसाची, आमच्या शेवटच्या बोलण्याची गोष्ट. संध्याकाळ होत आली होती. भाऊंच्या पाठीच्या गोळ्या संपल्या होत्या आणि पाव आणायचा होता. मी म्हटलं, मी जाते. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही कोट पुरा करा, गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं. माझं मी हळूहळू जाते." दारातून भाऊंना विचारलं, "गोळ्या त्याच ना, पांढऱ्या?" आतून आवाज आला, "त्याच. आणि कानाला बांध काहीतरी." त्यांनी रुमाल बांधला. मला विचारलं, "ताई, तुमचं काही?" मी म्हटलं, काळा दोरा, जाडा. एक रीळ.

खिडकीतून मी त्यांना बघितलं. पाववाल्याकडे थांबल्या, त्याला काहीतरी बोलल्या, तो हसला. औषधाच्या दुकानाच्या पायरीवर जरा वेळ बसल्या, मग आत गेल्या. दोऱ्याचं दुकान रस्त्यापलीकडे. दोन्ही बाजूंना बघून, गाड्या जाऊ देऊन, ओलांडलं. परत येताना जिन्यात दोनदा थांबल्या, मला पावलांवरून कळलं. माझ्या दारात येऊन रीळ मशीनवर ठेवलं.

"काळाच दिलाय ना त्यानं? मला दिव्याखाली निळा वाटला."

मी उजेडात धरून बघितला. म्हटलं, "काळाच आहे."

"मग बरं," त्या म्हणाल्या, आणि पाव घेऊन आपल्या घरात गेल्या.